खळ न काढलेली साडी

दुधी भोपळ्याची ममी करता येते हे मला माझ्या आईने दाखवलं, तेही अमेरिकेत, शॉमबर्गच्या माझ्या स्वयंपाकघरात, माझ्याच ओट्यावर, आणि अर्थातच मला न विचारता.

मुलगी तेव्हा सहावीत होती. शाळेत प्राचीन इजिप्त चाललं होतं आणि बाईंनी घरी करायला प्रकल्प दिला होता. दुकानातून एक छोटी कोंबडी आणायची, मिठात पुरायची, चाळीस दिवसांनी बाहेर काढून कापडाच्या पट्ट्यांत गुंडाळायची. सूचनांचा कागद वाचून माझं डोकंच फिरलं. मेलेली कोंबडी चाळीस दिवस माझ्या घरात? ऑफिस, स्वयंपाक, आणि वर हे? मी बाईंना ईमेल केला, जरा खरमरीतच. त्यांचं शांत उत्तर आलं की कोंबडी नको असेल तर सफरचंदही चालेल.

"सफरचंदाला काय अंग असतं का?" आई म्हणाली. "दुधी घ्या. त्याला मान असते, पोट असतं."

आई सिन्नरहून येऊन तेव्हा दहाच दिवस झाले होते. जानेवारीत नवऱ्याची नोकरी गेली होती. घर माझ्या एकटीच्या पगारावर आणि माझ्या एकटीच्या व्हिसावर चाललं होतं, आणि मी दिवसभर कुणा ना कुणावर खेकसत असायचे. फोनवर माझा आवाज ऐकून बाबाच आईला म्हणाले, जा तू, पोरीला गरज आहे. त्यांची स्वतःची डावी बाजू चार वर्षांपासून अशक्त. एवढा प्रवास त्यांना जमणारा नव्हता. धाकटा भाऊ त्यांच्याजवळ होता, म्हणून आई सहा महिन्यांसाठी एकटी आली. विमानात व्हीलचेअरवर बसून, मांडीवर मेतकुटाचा डबा घेऊन.

तर दुधी. आजी आणि नात इंडियन स्टोअरमधून एक कोवळा दुधी घेऊन आल्या. मुलीने पुस्तकात बघून सांगितलं की डाव्या कुशीत चीर द्यायची आणि तिथून आतलं सगळं बाहेर काढायचं. आईने विळी मागितली. विळी कुठली असणार माझ्याकडे? सुरीने चीर दिली. मुलगी वाचत होती, आई चमच्याने गर काढत होती. मेंदू नाकातून आकडा घालून काढायचे हे ऐकल्यावर आईने स्वतःचं नाक चिमटीत धरलं.

"आणि काळीज?" तिने विचारलं.

"ते आतच ठेवायचं," मुलगी म्हणाली. ही दोघींची भाषा अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी अशी चालायची. "हार्ट काढायचं नाही. ते पुढे लागतं."

"मग बरोबर आहे," म्हणून आईने बियांचा एक झुपका आत तसाच ठेवला. बाकीचा गर इजिप्तच्या लोकांसारखा बरणीत जपून ठेवायचा होता. आईने संध्याकाळी त्याची थालीपिठं लावली. ममीचं आतडं खाल्लं म्हणून मुलगी हसून हसून लोळली, आणि खरं सांगायचं तर मलाही हसू आवरलं नाही. जानेवारीनंतर आमच्या घरात कुणी असं हसलं नव्हतं.

इजिप्तमध्ये प्रेत वाळवायला नॅट्रॉन नावाचा खार वापरायचे. वाळलेल्या तळ्यांच्या काठी मिळायचा म्हणे. घरी त्याऐवजी मीठ आणि खाण्याचा सोडा घ्या असं कागदावर लिहिलं होतं. आईने ते मिश्रण चिमटीत धरून बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे पापडखाराचाच भाऊ की हा." जन्मभर तिने पापड लाटले, सांडगी मिरच्या भरल्या, लिंबाची लोणची मुरवली. मीठ पाणी कसं ओढून घेतं हे तिला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. दर चार दिवसांनी ओलं मीठ फेकून कोरडं भरायची, दुधी उलटून बघायची, हुंगायची. वास येत नव्हता. दुधी हळूहळू आकसत, तपकिरी होत गेला.

मे महिन्यात गुंडाळायची वेळ आली. मी जुनी बेडशीट काढून दिली होती. आईने ती बाजूला ठेवली आणि आपल्या बॅगेतून एक सुती साडी काढली. फिकट जांभळी, घरात नेसायची, धुऊन धुऊन हाताला लोण्यासारखी लागणारी. दातांनी काठ तोडला आणि टर्रकन पट्टी फाडली.

मी वरून धावत आले. "आई, चांगली साडी काय फाडतेस?"

"कुठे चांगली? जीर्ण झालीय. आणि ही काय म्हणते ऐक."

मुलीने मला वाचून दाखवलं. ममीला गुंडाळायला लोक घरातलंच जुनं तागाचं कापड वापरायचे. वर्षानुवर्षं वापरलेल्या चादरी, नेसायची वस्त्रं, त्यांच्याच पट्ट्या फाडायचे.

"शहाणी माणसं," आई म्हणाली. "बाळ जन्मलं की आपण नाही जुन्या लुगड्यात गुंडाळत? तसंच. नव्या कापडाला खळ असते. टोचतं ते."

खळ म्हणजे नव्या सुताला दुकानातूनच लागून येणारी कांजी. आमच्या घरात या शब्दाला फार मान होता, कारण बाबांनी चाळीस वर्षं कापडाच्या दुकानात नोकरी केली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आईने नवी साडी घडी मोडून तशीच नेसली, आणि तिच्या मानेवर लालभडक पुरळ उठलं. तेव्हापासून घरात आलेली प्रत्येक नवी साडी बाबा आधी बादलीत मिठाच्या पाण्यात भिजवायचे. रंग बसावा म्हणून मीठ. मग दोन पाण्यांतून काढून खळ घालवायची, सावलीत वाळवायची, आणि मगच ती आईच्या हातात. अर्धांगाच्या झटक्यानंतर पिळायचं काम भाऊ करायला लागला, पण अंगठा आणि बोट यांच्यात काठ चोळून "आता नेस" असं सांगायचे मात्र बाबाच. हे सगळं आईने नातीला त्या दिवशी पट्ट्या फाडता फाडता सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "मलाही तसलीच मऊ नेसवा हं. कोरी नको."

"झालं का तुझं सुरू?" मी म्हटलं. "काहीतरी अभद्र बोलायचं."

"तुझी आई म्हणजे लवंगी मिरची आहे," ती मुलीला म्हणाली आणि पुढची पट्टी फाडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅक्यूम क्लीनरमध्ये जांभळे धागे अडकून तो बंद पडला. मी आईला बोलले. किती पसारा केलायस, एक काम वाढवल्याशिवाय तुला चैन पडत नाही, असं बरंच. जमिनीवर बसून तिने ब्रशमधले धागे एकेक करून ओढून काढले. त्यानंतर पाचव्या दिवशी, मी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये म्यूटवर असताना, ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली आणि पुन्हा उठली नाही. नवऱ्याने हाक मारली. ॲम्ब्युलन्स सात मिनिटांत आली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले की घरीच संपलं होतं. मधल्या पाच दिवसांत आम्ही चांगलं बोललो, हसलो, तिने मला डोक्याला तेलसुद्धा लावून दिलं. पण मला आठवतात ते धागेच. काय करू?

भावाने बाबांना सांगितलं. मग बाबा फोनवर आले. रडले नाहीत. आधीच त्यांचं बोलणं जरा जड येतं. म्हणाले, "मला तिचं तोंड बघायचंय. एवढंच कर."

माझ्या मनात होतं की इथेच अग्नी द्यावा आणि अस्थी पाठवाव्यात. जी बाई एकादशीला लसूण लागलेल्या सुरीने फळ कापू द्यायची नाही, तिच्या अंगातलं रक्त काढून त्यात औषध भरायचं, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. आपल्यात माणूस गेलं की सूर्य मावळायच्या आत आवरायची घाई असते. टिकवून ठेवायचं कशाला? पण इथून सिन्नरपर्यंत जायचं तर कागदपत्रांना आठवडा लागणार होता, आणि तसं केल्याशिवाय विमानात घेत नाहीत. बाबांनी जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी हो म्हटलं.

मी स्वतः जाऊ शकत नव्हते. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला होता. गेले असते तर नवा शिक्का मिळेपर्यंत तिकडेच अडकले असते, किती महिने ते कुणी सांगू शकत नव्हतं, आणि नोकरी गेली असती. मग नवरा, मुलगी, घर, सगळंच. वकिलाने हे मला तीन वेळा समजावलं आणि तिन्ही वेळा मी त्याच्यावर ओरडले. त्याची काय चूक? तर आई एकटीच जाणार होती, आली तशीच. मुंबईला भाऊ तिला उतरवून घेणार होता.

फ्युनरल होममधली बाई माझ्याच वयाची, हळू बोलणारी. तिने मला प्रत्येक गोष्ट विचारून केली. मी तिला एकच विचारलं, की हृदय काढता का. ती जरा थबकली, मग म्हणाली, नाही, ते जागेवरच असतं. मला एवढ्यानेच हुंदका आला. तिला काय वाटलं असेल कोण जाणे. तिने टिशूचा डबा पुढे सरकवला आणि सांगितलं की कपडे तुम्ही स्वतः घालणार असाल तर घालू शकता.

आई सवाष्ण गेली. म्हणजे हिरवी साडी, हळदकुंकू, ओटी. आमच्या ओळखीच्या एक काकू, दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या, सकाळीच हिरवी साडी घेऊन आल्या. नवी कोरी, घडीवर दुकानाचा कागद चिकटलेला. "सवाष्णीला कोरीच नेसवतात बरं का," काकू म्हणाल्या. "तिकडे सगळे बघणार. नावं नको ठेवायला." त्यांचा हेतू चांगला होता. आठवडाभर त्यांनीच आम्हाला जेवू घातलं. आणि त्यांचं म्हणणं मला पटलंच. मुलगी स्वतः आली नाही, आईला सामानासारखं पाठवलं, हे तर सिन्नर म्हणणारच होतं. निदान साडीवरून कुणी बोलू नये असं मला वाटत होतं. हे मी आता लपवत नाही. त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर आई नव्हती, सिन्नरची माणसं होती.

गाडीत बसताना मुलगी मागच्या सीटवर आली. तिच्या मांडीवर आईच्या बॅगेतली दुसरी जुनी साडी होती. राखाडी, बारीक ठिपक्यांची, तशीच धुऊन मऊ झालेली.

"आजी सेड नो न्यू वन्स," ती म्हणाली. "इट प्रिक्स हर."

"आत्ता नको," मी म्हटलं.

"बट शी सेड—"

"तुला काय कळतं गं यातलं? गप्प बस."

मी उतरले तेव्हा राखाडी साडी तिने दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली होती. मी घेतली नाही. दार लावलं आणि काकूंबरोबर आत गेले.

आई एका टेबलावर होती. चेहरा छान होता, खरंच छान, विश्रांती घेतल्यासारखा, पण अंग गार आणि घट्ट झालेलं. त्या बाईने ब्लाउज मागून उभा कापला आणि दोन्ही बाजूंनी चढवून दाखवला, नाहीतर हात वळत नाहीत. मी आयुष्यात दुसऱ्या कुणाला साडी नेसवली नव्हती, आडव्या माणसाला तर नाहीच. काकू उचलून धरत होत्या, मी निऱ्या घालत होते. साडी कडक होती. निऱ्या अगदी कागदासारख्या पडल्या, घातल्या तशा उभ्या राहिल्या. पदर मानेवरून घेताना त्याचा जरीचा काठ माझ्याच मनगटाला खरखरला, आणि मला कळलं. नीट कळलं. गाडी पन्नास पावलांवर होती. पण काकू म्हणाल्या, "किती सुंदर दिसतायत," आणि मी पदर पिनेने टाचला, हळद लावली, कुंकू लावलं.

ओटीचे तांदूळ आणि नारळ त्या बाईने हात जोडल्यासारखं करून परत दिले. पेटीत अन्न जाऊ शकत नाही, कागदावर तसं लिहून द्यावं लागतं. मुलीच्या पुस्तकात भाकरी होत्या, बदकं होती, बिअरचे रांजण होते, मेलेल्या माणसाला वाटेत लागतील म्हणून. माझ्या आईला चार मुठी तांदूळही नेता आले नाहीत. मी त्या बाईशी भांडले. ती माझं भांडण होईपर्यंत उभी राहिली.

आई गेल्यानंतर आठव्या दिवशी संध्याकाळी भावाचा व्हिडिओ कॉल आला. आमच्याकडे आठ वाजले होते, बाहेर अजून उजेड होता. तिकडे सकाळ. त्यांच्या दारात मांडव घातलेला, माणसं उभी. नवरा, मी आणि मुलगी डायनिंग टेबलाशी उभे राहिलो. फडताळावर शाळेतून परत आलेली दुधीची ममी होती, जांभळ्या पट्ट्यांतली. भावाने कुणाच्या तरी हातात फोन दिला आणि तो बाबांची खुर्ची पुढे घेऊन आला. पेटीचं झाकण आधीच उघडलं होतं.

बाबांनी बराच वेळ आईच्या तोंडाकडे पाहिलं. उजवा हात तिच्या गालावर ठेवला. "झोपलीय," ते म्हणाले. मागे कुणी बाई म्हणाली, किती छान केलंय हो तिकडे, पोरीने सगळं यथासांग केलं. ऐकून मला बरं वाटलं. क्षणभर खरंच बरं वाटलं.

मग बाबांचा हात गालावरून खाली आला. पदराचा काठ त्यांनी अंगठा आणि बोट यांच्यात धरला आणि चोळला. दुकानात चाळीस वर्षं धरायचे तसाच.

"कोरी आहे," ते म्हणाले. "खळ आहे यात."

"बाबा, असू दे आता," भाऊ म्हणाला.

"मानेला टोचते तिच्या."

त्यांच्या खांद्यावर उपरणं होतं, रोजचं, धुऊन पातळ झालेलं. ते त्यांनी उजव्या हाताने ओढून काढलं. एका हाताने त्यांना ते जमेना. भावाने दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ते आईच्या मानेखालून सरकवलं, दोन्ही बाजूंनी पदराच्या काठाच्या आत खोचलं, कोरं कापड कुठेच कातडीला लागू नये असं. बाबा बोटांनी चाचपून बघत होते. भटजी थांबले होते, सगळेच थांबले होते. कुणी घाई केली नाही.

झाल्यावर बाबांनी फोन मागितला. त्यांचा चेहरा स्क्रीनवर फार जवळ आला.

"रडू नको," ते म्हणाले. "तुला कुठून माहीत असणार? पुरळ उठलं तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. आणि तिने तुला कधी सांगितलंही नसेल."

मुलगी माझ्या शेजारी उभी होती, माझ्या दंडाला तिचा खांदा लागलेला. तिला सगळं मराठी कळतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग फोनकडे पाहिलं, आणि आजोबांना काही सांगितलं नाही.

मीही नाही सांगितलं. "हो बाबा," एवढंच म्हणाले. त्याला आता वर्ष होत आलं. दर रविवारी आमचं बोलणं होतं, औषधांचं, भावाचं, इकडच्या थंडीचं. राखाडी साडी मुलीच्या कपाटात आहे, घडी करून. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही.